दादाच्या बुटाचा उजवा तळ

माणूस मला आधी पायांकडून दिसतो, तोंडाकडून नंतर. चेहरे मी विसरतो आणि त्यावरून घरात बोलणीही खातो. पण एकदा पाहिलेली चाल विसरत नाही. सरळ पायांना बाजारात हवे तितके बूट मिळतात. ज्यांना मिळत नाहीत ते माझ्या दुकानात येतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच टेकत नाही, कुणाचा घोटा आत कललेला. एकेचाळीस वर्षं मी अशांचे बूट करतोय. गिऱ्हाईक दारातून खुर्चीपर्यंत येतं तेवढ्यात त्याचं निम्मं दुखणं मला कळलेलं असतं. याचा मला फार गर्व होता. आता तो कसा उतरला तेच सांगायला बसलोय.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझा थोरला भाऊ. लहानपणी तापात दादाच्या डाव्या पायाची वाढ थांबली आणि तो उजव्यापेक्षा चार सेंटिमीटर आखूड राहिला. मी शिकाऊ असताना त्याच्या डाव्या बुटाखाली पहिल्यांदा उंची चढवली, ती इतकी वाकडी की बिचारा आठवडाभर होडीत उभा असल्यासारखा चालत होता. तरी दुसऱ्या कुणाकडे गेला नाही. "धाकट्याने बिघडवलंय, धाकटाच सुधारेल," म्हणाला. तेव्हापासून शेवटपर्यंत त्याच्या पायात माझ्याच हातचे बूट होते.

दादा शाळेत भूगोल शिकवायचा. नोकरी संपली, वहिनी गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि मग या माणसाने एक दिवस कुत्रा आणला. आणला तोही साधा नाही. आझावाख नावाची जात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला भटक्या लोकांच्या तंबूंपाशी राहणारी, वासापेक्षा नजरेने शिकार करणारी. आमच्या अख्ख्या शहरात तसा दुसरा नव्हता. आयुष्यभर फळ्यावर सहारा काढून दाखवला, आता त्यातलं काहीतरी घरात असावं, असं त्याचं म्हणणं.

मी बघायला गेलो. कमरेला लागेल एवढा उंच, वाळूच्या रंगाचा, चारही पावलं पांढरी, मोजे घातल्यासारखी. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या. बरगड्या, पाठीचे मणके, कमरेची दोन हाडं, सगळा ऐवज उघड्यावर.

"दादा," मी म्हटलं, "तुला नुसता फर्माच दिलाय की रे. वर कातडं चढवायचं राहिलंय." फर्मा म्हणजे पायाच्या मापाचा लाकडी साचा, ज्याच्यावर आम्ही बूट बेततो.

दादा पोट धरून हसला. कुत्रा हसण्यातला नव्हता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मान वळवली आणि सोफ्यावर जाऊन बसला. जमिनीवर त्याला हाडं टोचतात म्हणे. दादाने त्याचं नाव राव ठेवलं होतं. मी त्याला सांगाडा म्हणायचो.

सांगाड्याची मिजास काय वर्णावी! पाऊस असला की बाहेर पाऊल टाकणार नाही, गारठा पडला की अंगात स्वेटर हवा, परक्याच्या हातून बिस्किटसुद्धा घेणार नाही. अंगावर हात फिरवायचा तर फक्त दादाने. आम्ही बाकीचे म्हणजे घरातलं फर्निचर. आणि रस्त्यात लोक दादाला थांबवून बोलायचे ते वेगळंच. त्यांच्या गल्लीत एक बाई आहेत, सगळे त्यांना शिस्तबाई म्हणतात. त्यांनी तर दादाला तोंडावर सुनावलं, "मास्तर, स्वतः जेवता ना रोज? मग या मुक्या जिवाला का उपाशी मारता?" तेव्हापासून दादा खिशात एक छापलेला कागद ठेवायचा, त्यावर या जातीचं चित्र आणि खाली वजन-उंची. कुणी तोंड उघडलं की कागद पुढे. वर्गात नकाशा दाखवावा तसा.

एका गोष्टीवरून मात्र त्या कुत्र्याशी माझं बिनसलं. एकदा दादा बाहेर गेला होता आणि त्याची वाट बघत मी खिडकीशी उभा होतो, शेजारी सांगाडा. गल्लीच्या तोंडाशी बाजारातून परतणाऱ्यांची गर्दी. त्या गर्दीत मला दादाची चाल दिसली, आणि मी "आला" म्हणणार तोच कुत्र्याचे कान ताठ झाले आणि शेपूट हलली. माझ्याआधी. एकेचाळीस वर्षं जी चाल मी तळहातासारखी ओळखतो, ती त्याने माझ्याआधी ओळखली. हसू नका, पण मला राग आला होता.

त्या रागाचं वय दीड वर्ष झालं असेल, तेव्हा दादा एका दुपारी दुकानात आला. कुत्रा बरोबर होताच, नेहमीसारखा उजव्या बाजूला. दादाने बूट काढून माझ्या हातात दिले.

"हे बघ जरा. चालताना बरं वाटत नाहीये."

"कुठे दुखतं?"

"दुखतं असं नाही. नीट बघ ना तू. तुला काय दिसतं?"

मी बूट उलटे केले. डाव्याची झीज नेहमीचीच. उजव्याची मात्र बाहेरची कड खाल्लेली, टाचेपासून करंगळीपर्यंत तिरकी. उजवा बूट त्याचा कधी असा झिजत नसे. मी मान वर केली तर समोर सांगाडा, गळ्यात पट्टा, पट्ट्याची दोरी दादाच्या उजव्या हातात. आणखी काय पाहिजे? हातच्या काकणाला आरसा कशाला?

"हा ओढतो तुला," मी म्हटलं. "उजवीकडे ओढतो आणि तू कलतोस. दुसरं काही नाही."

"नक्की? दुसरं काही दिसत नाही?"

"मी काय आज शिकतोय का? या सांगाड्याला कुणाला तरी देऊन टाक, नाहीतर तोंडावर पडशील एक दिवस."

दादाने कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. "देणार तर नाही," तो म्हणाला, आणि मोकळा श्वास सोडला. "पण तू बघितलंस ना, मग झालं. मला उगाच वाटत होतं काहीतरी."

माझ्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड असतं. त्यावर मापं, तारीख आणि खाली शेरा. दादाच्या कार्डावर मी लिहिलं: 'उजवी बाहेरची कड झिजली. कुत्रा ओढतो.' कडेला नवी पट्टी मारून चार दिवसांनी बूट परत दिले. मी स्वतःवर खूश होतो. कुत्र्यालाही पकडलं, असं काहीतरी मनात होतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी दादा जिन्यात बसला तो उठेना. हॉस्पिटलात डॉक्टरांनी डाव्या खुब्याचा फोटो काढला. हाडात गाठ होती आणि ती तिथेच थांबलेली नव्हती. "कधीपासून त्रास होता?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "फार नाही." मी भिंतीला टेकून उभा होतो.

पाच आठवड्यांत दादा गेला. शुद्धीत होता तोवर एकच गोष्ट दोनदा म्हणाला, "रावला तू ने." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होतो?

पुतणी आली, घर आवरलं, डोळे पुसत पुसत बापाच्या वस्तूंची वाटणी लावली. बूट तिने माझ्या हातात दिले. "काका, हे तुमचेच आहेत," म्हणाली. कुत्र्याचं विचारलं तर तिच्याकडे दोन लहान खोल्या आणि तान्हं मूल. "थोडे दिवस ठेवाल ना तुम्ही?" मी त्यालाही हो म्हटलं.

सांगाडा आमच्याकडे आला. दुकानाच्या वर आमच्या खोल्या आहेत. बायकोने खिडकीखाली जुनी गादी घातली. तो गादीवर बसला नाही. खिडकीशी उभा राहिला, पुढचे पाय जुळवून, आणि रस्त्यावरची प्रत्येक चाल बघू लागला. एक माणूस येई, तो बघे, सोडून देई, मग पुढचा. माझं काम दिवसभर हेच असतं, म्हणून मला कळत होतं तो काय करतोय ते.

त्याने खाल्लं नाही. पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं नवी जागा आहे. दुसऱ्या दिवशी बायकोने मटण उकडून हाडं काढून दिलं. तिसऱ्या दिवशी अंडं. वाटी होती तशी राहायची, फक्त पाणी कमी व्हायचं. चौथ्या दिवशी मी चिडलो. "तुझं मी काय घोडं मारलंय?" असं त्याला ओरडून विचारलं. बायको म्हणाली, "अहो, त्याच्यावर काय ओरडता? तुम्ही तरी कुठे जेवताय?"

पाचव्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. दादा त्याला त्यांच्याकडेच न्यायचा. त्यांनी दुरूनच पाहिलं, मग हळूच पोटाला हात लावला. कुत्र्याने लावू दिला, हेच वाईट लक्षण होतं.

"दुसरा कुत्रा दहा-बारा दिवस काढेल," त्या म्हणाल्या. "याच्या अंगावर साठाच नसतो. सोमवारपर्यंत काही पोटात गेलं नाही तर गुंगी देऊन नळी घालावी लागेल. आणि खरं सांगू? या जातीला गुंगी द्यायची मला भीती वाटते. अंगात चरबी नाही, औषध लवकर उतरत नाही. आधीच एवढा अशक्त झालाय. उठेलच असं सांगत नाही."

त्या दिवशी शुक्रवार होता. कुत्रा मेला असता तर जगाचं काही अडलं नसतं. पण दादाने माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर खिडकीत उभी राहून वाळत चालली होती.

शनिवारी सकाळी मला युक्ती सुचली. दुसऱ्या कुणाला सुचली नसती. माझ्या धंद्याच्या माणसालाच सुचावी अशी होती. कुत्र्याला काय हवंय? दादाची चाल. ती जगात कुणाला येते? मला. एकदा लांबून त्याला दादा दिसू दे, धावत येऊ दे, आणि त्या आनंदात माझ्या हातून चार घास जाऊ देत. पोट एकदा चालू झालं की पुढचं पुढे.

बायकोला सांगितलं तर ती बघतच राहिली. "मुक्या जनावराला फसवणार तुम्ही?"

"फसवत नाही. औषध आहे ते."

"मग कडू तुम्हालाच लागेल," ती म्हणाली. पण पट्ट्याची दोरी तिने हातात घेतली.

दादाचे बूट बाहेर काढले. उजवा मला बरोबर बसला. डावा पाय दादाचा एक नंबराने लहान, माझा जाईना. मग चामडं कापायची रापी घेऊन मी माझीच शिवण पुढून उसवली आणि पाय कोंबला. दादाचा कोट घातला, खिशात उकडलेल्या मटणाची पुडी ठेवली. आमच्या घरामागे बंद पडलेल्या गिरणीचं मोकळं मैदान आहे. दादा त्याला तिथेच पळवायचा. बायको त्याला घेऊन अलीकडच्या फाटकाशी थांबली आणि मी पलीकडच्या भिंतीकडून निघालो.

माझे पाय सरळ. त्यात डाव्याखाली चार सेंटिमीटर उंची, म्हणजे मी आपोआप उजवीकडे झुकत होतो. पण चाल मला पाठ होती. डावा टाकायचा, किंचित थांबायचं, उजवा ओढून घ्यायचा, खांदा एवढाच पाडायचा. दहा पावलांत चाल जमली. आणि गंमत बघा, चाल जमली तशी मला दादाच चालताना ऐकू येऊ लागला, त्या पावलांच्या आवाजात, माझ्याच खालून.

फाटकाशी कुत्र्याने मान उचलली. क्षणभर तो दगडासारखा झाला. मग बायकोच्या हातातून दोरी गेली.

मी त्याला पळताना पूर्वी पाहिलं होतं, पण माझ्या दिशेने येताना कधी पाहिलं नव्हतं. पाच दिवसांचा उपाशी जीव. पाय जमिनीला लागत नव्हते. कान मागे, तोंड उघडं, आणि त्या तोंडातून तो एक आवाज काढत होता, बारीक, तुटक. त्या कुत्र्याला मी कधी भुंकतानासुद्धा फारसं ऐकलं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नको, थांब, मी नाही तो. पण पाय दादाचीच चाल चालत राहिले.

पाच-सहा पावलांवर तो थांबला. धूळ पुढे गेली, तो मागे राहिला. त्याने माझा चेहरा पाहिला. मग पुढे येऊन बूट हुंगले, आधी डावा, मग उजवा, मग कोटाची बाही, मग माझा हात. पुन्हा चेहरा. शेपूट खाली गेली. तो माझ्या पलीकडे बघू लागला, मी आलो त्या भिंतीकडे. तिथे कुणी नव्हतं.

मी पुडी उघडली. त्याने मटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. चोरी पकडली गेल्यावर माणसाला वाटतं तसं मला वाटलं. आयुष्यात मी इतका ओशाळलो नव्हतो, तेही एका कुत्र्यासमोर.

घरी जावं म्हणून मी वळलो. चाल सुटली होती. आता नुसताच मी, एका उंच आणि एका साध्या बुटात. दुसऱ्याच पावलाला उजवा घोटा बाहेरच्या बाजूला वळला आणि मी उजवीकडे कलंडलो.

पडलो नाही. मांडीला काहीतरी टणक लागलं. तो माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा होता, चारही पाय फाकून रोवलेले, खांदा माझ्या मांडीवर दाबलेला. मी हात खाली टाकला तर तो बरोबर त्याच्या पाठीवर पडला, मानेच्या मागे. तिथले केस इतर ठिकाणांपेक्षा विरळ होते. हात ठेवून ठेवून झालेले.

तो थांबला. मी तोल सावरेपर्यंत हलला नाही. मी एक पाऊल टाकलं, त्याने एक टाकलं. पुन्हा थांबला. पुन्हा खांदा दाबला. अशक्तपणाने त्याचे मागचे पाय थरथरत होते, पण जागचे हलत नव्हते. त्याला कुणी हे शिकवलेलं नसणार. रोज करून करून आलं होतं.

मी खाली पाहिलं. त्याच्या पाठीवर भार टाकला होता आणि उजवा बूट जमिनीवर सपाट बसला होता. मी मारलेली नवी पट्टीसुद्धा दादाने मरण्याआधी त्याच कोनात झिजवली होती. एकटा उभा राहिलो की तळ तिरका. कुत्र्यावर टेकलो की खाली कागदही सरकणार नाही इतका सपाट.

ओढणाऱ्या कुत्र्याने असा तळ झिजत नाही. ओढ लागली की माणूस मागे रेलतो, बुटाची टाच झिजते. हे मला शिकाऊ असल्यापासून ठाऊक आहे. दादाचा डावा खुबा भार घेत नव्हता, म्हणून तो उजवीकडे टेकत होता. काठी घेतली असती तर लोकांनी विचारलं असतं; कुत्र्याबद्दल कोण विचारणार? आणि तरीही शंका आली तेव्हा तो डॉक्टरकडे गेला नाही, माझ्याकडे आला. बूट माझ्या हातात दिले. दुसरं काही दिसतं का, असं दोनदा विचारलं. दिसत होतं. तळावर लिहिल्यासारखं होतं. पण मला त्या कुत्र्याचा हेवा वाटत होता, आणि वड्याचं तेल मी वांग्यावर काढलं. माझ्या शब्दावर विसंबून माझा भाऊ तीन महिने निश्चिंत राहिला. तीन महिने आधी कळलं असतं तर तो वाचला असता का, मला माहीत नाही. डॉक्टरांना मी विचारलेलं नाही. विचारायचं धाडस नाही.

बायको धावत आली तेव्हा मी मैदानात खाली बसलो होतो. हॉस्पिटलात रडलो नाही, त्यानंतर रडलो नाही, ते सगळं तिथे झालं. कुत्रा शेजारी उभाच होता. तिने वाकून माझ्या पायातले बूट काढले. घरापर्यंत मी मोज्यांवरच चाललो, आणि तो माझ्या उजव्या बाजूने.

जिना त्याला चढवेना, म्हणून आम्ही दुकानातच थांबलो. चामड्याच्या कातरणांच्या ढिगावर तो अंग टाकून पडला. मी दादाचे बूट त्याच्यासमोर ठेवले. मटणाची पुडी उघडून जमिनीवर ठेवली आणि पाठ फिरवली. बघत राहिलो तर तो खाणार नाही, एवढं तरी मला आता कळत होतं.

मी कपाटातून दादाचं कार्ड काढलं. आमच्या दुकानात माणूस गेला की त्याचं कार्ड फाडतात आणि फर्मा घरच्यांना देतात. मी दोन्ही केलं नव्हतं. शेवटचा शेरा माझ्याच ठसठशीत अक्षरात होता. 'कुत्रा ओढतो.' मी त्यावर रेघ मारली. खाली लिहिलं: 'डावा खुबा भार घेत नाही. राव धरून चालवतो.' तारीख मी तीच घातली, दादा दुकानात आला त्या दुपारची.

मागे कागद सरकल्याचा आवाज झाला, मग चावल्याचा. बायकोने जिन्यातून हळूच विचारलं, "खातोय का हो?"

मी वळून पाहिलं नाही. "खातोय," म्हटलं, आणि कार्ड परत जागेवर ठेवलं.